विलासच्या घरी दोन मुक्काम

माझ्या बायकोच्या पहिल्या सासरी मी गेल्या वर्षी जूनच्या अखेरीला जाऊन आलो. असा प्रवास फारसा कुणाच्या वाट्याला येत नसावा, म्हणून लिहून ठेवतो आहे.

मी अमळनेरचा. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्या मुलांकडून घोकून घेतल्या, फळ्यावर कोल्हापूर जिल्हा शेकडो वेळा काढला. पण त्या जिल्ह्यात पाऊल कधी ठेवलं नव्हतं. माझी बायको मंगल मात्र तिकडचीच. आमचं लग्न झालं तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. त्याआधी पाच वर्षं तिचा नवरा विलास कारगिलच्या लढाईत गेला होता. चोवीस वर्षांचा. लग्नाला चौदा महिने झालेले, त्यातले रजेवर घरी काढलेले जेमतेम पन्नास दिवस.

तिचं दुसरं लग्न तिच्या सासऱ्यांनी लावलं. मंगलचे आईवडील तिच्या लहानपणीच गेलेले. सासऱ्यांना सगळे आण्णा म्हणतात. कबनूरला त्यांचे चार यंत्रमाग होते आणि त्यांचं कापड आमच्या गावातल्या एका व्यापाऱ्याकडे यायचं. त्याच्याकडून त्यांना माझं नाव कळलं. बहिणींची लग्नं आणि वडिलांचं दुखणं यात माझं लग्न राहून गेलं होतं. छत्तिशी उलटली होती. आण्णा एकटेच आले, ओसरीवर बसले आणि त्यांनी मला तीन प्रश्न विचारले. दारू पिता का? आईला कोण बघतं? पोरीला पुढं शिकू द्याल का? उत्तरं ऐकून चहा प्यायले आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेले. महिन्याभरात आमच्याच अंगणात लग्न झालं. कन्यादान आण्णांनी केलं. निघताना मंगलच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "आता हिकडं बघायचं. तिकडं आमी बोलवल्याबिगर यायचं न्हाय."

त्यानंतर एकवीस वर्षं त्यांनी बोलावलं नाही. दर दिवाळीला एक साडी यायची, वर आण्णांच्या हाताने लिहिलेला पत्ता. मंगल ती घडी मोडून एकदा नेसायची आणि कपाटात ठेवून द्यायची.

मग जूनमध्ये विलासच्या धाकट्या बहिणीचा, शोभाचा, माझ्या मोबाइलवर फोन आला. आण्णांनी बोलावलंय, विलास गेला त्या दिवसाला दोघं या. मंगलने ऐकलं आणि ती कणीक मळत राहिली. "एकवीस वर्षं लागली त्यांना," ती म्हणाली. "मी नाही येत. तुम्हाला जायचं तर जा."

तिला वाटलं, मी जाणार नाही. मलाही तसंच वाटलं होतं. पण नुकताच निवृत्त झालो होतो, हातात वेळ होता, आणि ज्या माणसाच्या जाण्यामुळे माझा संसार उभा राहिला त्याच्या दारात एकदाही जाऊ नये, हे मला आतून खात होतं.

मंगळवार पेठ

जळगावहून कोल्हापूरला थेट गाडी आहे. दुपारी उतरलो तेव्हा पावसाची भुरभुर चालू होती. स्टेशनाबाहेर पहिला आवाज आला, "कुठं जायाचं पावणं?" आमच्याकडे पाहुणा म्हणजे घरी जेवायला येणारा माणूस. इथे अनोळखी माणूस पाहुणाच. मंगळवार पेठेत पोचेपर्यंत मला पाच जणांनी पावणं म्हटलं. त्यातला एक स्कूटरवाला होता आणि तो म्हणाला, "ओ पावणं, रस्ता काय तुमच्या सासऱ्याचा हाय काय?" मला उगीचच दचकायला झालं.

बायकोच्या पहिल्या नणंदेने तिच्या दुसऱ्या नवऱ्याला काय म्हणायचं, याला मराठीत शब्द नाही. शोभाने तो प्रश्न दारातच मिटवला. "या की दाजी!" ती म्हणाली. दाजी म्हणजे बहिणीचा नवरा. म्हणजे तिच्या लेखी मंगल आता वहिनी नव्हती, बहीण होती.

शोभा घरीच शिवणाचे क्लास घेते. तिचे मिस्टर कचेरीत नोकरीला. अबोल, भला माणूस. त्यांनी मला संध्याकाळी गंगावेशीत दूध प्यायला नेलं. तिथे कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात आणि तुमच्यासमोर धार काढून फेसाळ पेला हातात देतात. कोमट, किंचित गोड. आमच्याकडे दूध उकळल्याशिवाय ओठाला लावत नाहीत, त्यामुळे मी पेला हातात धरून क्षणभर विचार करत राहिलो. शेजारच्या पैलवानाने स्वतःचा तिसरा पेला संपवत विचारलं, "काय पावणं, औषध हाय काय ते?" मग एका दमात प्यायलो. मिशीवर फेस राहिला तो घरी येईपर्यंत कुणी सांगितला नाही.

जेवताना शोभा मुद्द्यावर आली. कोल्हापुरात बायकाही 'मी आलो, मी गेलो' असंच म्हणतात. पहिल्यांदा ऐकताना गंमत वाटते.

"फोन मी केलतो," ती म्हणाली, "पण आण्णांनी सांगितलं म्हणून. मंगलताई चिडली असंल आण्णांच्यावर. त्यांची चूक न्हाय दाजी. अट आक्काची हुती."

आक्का म्हणजे विलासची आई. आण्णांनी मंगलचं दुसरं लग्न ठरवलं तेव्हा आक्कांनी तीन दिवस अन्न सोडलं होतं. चौथ्या दिवशी म्हणाल्या, पोरगी तरुण हाय, करा लगीन. पण दुसऱ्याच्या कुंकवात तिला माझ्या दारात आणू नका, मला बघवायचं न्हाय. आण्णांनी शब्द दिला आणि एकवीस वर्षं पाळला.

"मग आता?"

"आता आण्णा ब्याऐंशीचं झाल्यात. म्हणत्यात, डोळं मिटायच्या आदी पोरीला एकदा बघू दे."

"आणि आक्का काय म्हणतात?"

शोभाने माझ्या ताटात न मागता भाकरी वाढली. "आक्काला अजून सांगितलं न्हाय," ती म्हणाली.

राजारामपुरी

सकाळी चष्म्याची काडी मोडली. गाडीतच ती सैल झाली होती. शर्टाच्या खिशातून काढताना हातात आली. शोभाच्या मिस्टरांनी मला राजारामपुरीत नेलं. तिथे गल्ल्यांना नुसते आकडे आहेत, पहिली, दुसरी, तिसरी, सरळ रेषेत मांडलेल्या. भूगोलाच्या मास्तराचं मन अशा ठिकाणी रमतं. दुकानदार तासभर लागेल म्हणाला. मी चष्म्याविना बाकावर बसलो. समोरचे दवाखाने, क्लासच्या पाट्या, पोरींच्या सायकली, सगळं धूसर दिसत होतं. खरं सांगायचं तर तो तास मला हवाच होता. मी नको होतो अशा घरी जायचं होतं.

कबनूर

इचलकरंजीच्या एसटीने दुपारी कबनूरला उतरलो. तोवर दोन्ही बाजूंना ऊस होता. मग ऊस संपतो आणि आवाज सुरू होतो. प्रत्येक गल्लीतून, प्रत्येक पत्र्याच्या शेडमधून, खटाखट, खटाखट. रात्रंदिवस माग चालू. त्यामुळे इथली माणसं मोठ्याने बोलतात. दोन बायका रस्त्यात भांडत आहेत असं वाटून मी थांबलो, तर त्या मेथीच्या जुडीविषयी बोलत होत्या.

आण्णा दारातच उभे होते. वाळलेले, ताठ, कानाने अधू. मला पाहून त्यांचे डोळे माझ्या मागे गेले. मागे कुणी नव्हतं.

"एकटंच?" ते हळू म्हणाले. हळू म्हणजे त्यांच्या मानाने.

तेवढ्यात आतून आक्का आल्या. ठेंगण्या, नऊवारीतल्या, हातात सूप. "कोण ओ?"

ज्या माणसाने गावाची पर्वा न करता विधवा सुनेचं कन्यादान केलं, त्याचा धीर त्या क्षणी सुटला. "पावणं हायत," आण्णा ओरडले. "खानदेशातनं. सूत बघाय आल्यात!"

आक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी "हो" म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

मग खोटं खरं करण्यासाठी आण्णांनी मला शेडमध्ये नेलं. त्यांचे माग आता भाड्याने दिलेले आहेत. मी सुताची कांडी हातात घेतली, उजेडाकडे धरली, नाकाशी नेली, गंभीर चेहऱ्याने मान हलवली. आण्णा माझ्या कानाशी येऊन ओरडले, "सांजच्याला सांगतो तिला!" माग चालवणारे तिघेही वळून बघू लागले.

जेवायला वांग्याची भाजी, ज्वारीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा खर्डा होता. खानदेशी माणसाला तिखटाचा अभिमान असतो. खर्डा खाऊन मी तो अभिमान बाजूला ठेवला आणि दही मागून घेतलं. समोरच्या भिंतीवर विलासचा गणवेशातला फोटो होता. मी पहिल्यांदाच त्याला नीट पाहत होतो. मिसरूड, थोडे मोठे कान, हसू दाबून धरलेलं. मनात इतकी वर्षं मी त्याला माझ्यापेक्षा मोठा, रुंद, काही तरी भव्य धरून चाललो होतो. हा तर माझ्या मुलीपेक्षा चार वर्षांनी मोठा पोरगा होता. माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसला असता.

जेवण झाल्यावर आण्णा दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमाचं बघायला चौकात गेले. आक्का कांड्यांवर उरलेलं सूत सोडवत बसल्या. मी निघावं की बसावं कळेना.

"बसा की," त्या म्हणाल्या. "सुताच्या माणसाला घाई नसती."

मग कुणी न विचारता त्या बोलू लागल्या. "ह्यो माझा इलास. मागाच्या आवाजात जलमला. पाळणा ततंच शेडात बांधलेला. वीज जाऊन माग थांबलं की पोरगं दचकून उठायचं आन रडायचं. माग सुरू झालं की गप झोपायचं. फौजेत गेला तवा डोंगरावरनं पत्र आलं. आक्का, हितं लई शांत हाय, झोप लागत न्हाय."

त्यांचे हात चालूच होते.

"लगीन करून दिलं. पोरगी गुणाची हुती. त्यो गेल्यावर पाच वर्सं माझ्यासंगं एका वाकळंत झोपली. राती मी उठून बसलो की ती बी उठायची. काय बोलायची न्हाय, पाणी आणून द्यायची. तिला मी घालवली. लोकं म्हणत्यात आण्णांनी लगीन लावून दिलं. आण्णांनी लावून दिलं, मी घालवली." त्यांनी कांडी खाली ठेवली. "मंगलला पोरं किती?"

बाहेर माग चालू होते तरी मला ते ऐकू येईनासे झाले.

"तुम्ही ओळखलंत?"

"खानदेशातनं सूत बघाय कोण येतंय मरायला? आन सूत उजेडाकडं धरून वास घेत हुता तुमी. दारातनं बघितलं मी. पोरं किती?"

"एक मुलगी. केतकी. वीस वर्षांची. जळगावला शिकते."

"मंगल बरी हाय?"

"बरी आहे. बालवाडी चालवते. गुडघा जरा दुखतो."

"तिच्या पोरीला म्हायती हाय?" आक्कांनी फोटोकडे मान केली. "ह्यो कोण ते?"

हा प्रश्न इतक्या सरळ मला कधी कुणी विचारला नव्हता. खोटं बोलता आलं असतं. दुपारपासून सवय झाली होती. पण त्या बाईसमोर जमलं नाही. मी सांगितलं. केतकी सात-आठ वर्षांची असताना मंगलने एकदा विचारलं होतं, तिला सांगू या का? मी म्हणालो होतो, मोठी होऊ दे. पुढे ती मोठी झाली आणि मी परत विषय काढला नाही. मंगलनेही काढला नाही. खरं कारण केतकीचं वय नव्हतं. शूर, तरुण, मेलेल्या माणसाशी माझी तुलना माझ्या मुलीने करू नये, एवढंच होतं. शाळामास्तर हरला असता.

"म्हंजे तुमच्या घरात त्यो न्हाईच," आक्का म्हणाल्या.

"नाही."

त्या उठल्या आणि आत गेल्या. संध्याकाळी आण्णा घसा साफ करत करत सांगायला गेले, तेव्हा आतून आवाज आला, "कळलंय मला. च्या घ्या आन गप बसा." त्यापुढे त्या दोघांत काय बोलणं झालं मला माहीत नाही. माझं अंथरूण फोटोखाली घातलं होतं.

अकरा वाजता

चौकात एक काळा दगड आहे, त्यावर विलासचं नाव. शाळेची मुलं, गावचे पंच, तीन-चार निवृत्त फौजी, हार. आमच्याकडे अशा प्रसंगी भाषणं फार होतात. इथे एकच झालं आणि तेही लहान. मी मागे उभा होतो. कुणीतरी आण्णांना विचारलं, हे कोण? आण्णा सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं म्हणाले, "आमचं जावई. अमळनेरचं." माणसं माझ्याकडे वळली. एका म्हाताऱ्या फौजीने पुढे येऊन माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

दर वर्षी या दिवशी अकरा वाजता त्या भागातले माग बंद करतात. कुणी हुकूम काढलेला नाही. मालकांनी आपापसात ठरवलेलं आहे. एकेक शेड गप होत गेली. कबनूरमध्ये कावळा ओरडलेला ऐकू येतो, हे मला तेव्हा कळलं. कुणाच्या तरी स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. मुलं माना खाली घालून उभी होती.

आणि त्या शांततेत एक माग चालू होता. खटाखट, खटाखट, आण्णांच्या घराच्या दिशेने.

मी शेजारच्या फौजीकडे पाहिलं. "आक्का," तो कुजबुजला. "दर वर्साला एक माग चालू ठिवती. पयल्यांदा लोकं चिडलती. आता कोण काय म्हणत न्हाय."

त्याला कारण माहीत नव्हतं. मला आदल्या दुपारी कळलं होतं. मी तिथे उभा राहून, माझ्या बायकोच्या नवऱ्यासाठी पहिल्यांदा रडलो.

परत

घरी आलो तर आक्का ओट्यावर बसल्या होत्या. शेजारी कापडी पिशवी, वर घट्ट गाठ.

"तिकीट काढा," त्या म्हणाल्या. "ती येत न्हाय तर मी जातो की. पोरीला सांगाय पायजे. तुमच्यानं व्हायचं न्हाय ते."

आण्णा म्हणाले, "अगं, तुझं वय काय..." आक्का म्हणाल्या, "तुमी दगडाचं बघा." आण्णांना सोबत यायचं होतं, पण श्वासाचा त्रास, डॉक्टरांनी प्रवास बंद केला होता. त्यांनी माझ्या हातात त्या वर्षीची दिवाळीची साडी आधीच देऊन टाकली.

मंगलला फोन करू नका, ती न्हाय म्हणंल, अशी आक्कांची ताकीद होती. दुसऱ्या दिवशी निघालो. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईचा हा पहिला लांबचा रेल्वेप्रवास. भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि दही त्यांनी अख्ख्या डब्याला पुरेल इतकं घेतलं होतं आणि खरोखरच डब्याला वाटलं. वरच्या बाकावरच्या माणसाला "ओ पावणं, पाय काढा की माझ्या डोस्क्यावरनं" असं सांगून झाल्यावर त्याच्याशी दोस्ती केली. सकाळी जळगावजवळ केळीच्या बागा लागल्या. त्या खिडकीला नाक लावून बसल्या. "येवढी केळी खातं कोण?" मी निर्यातीचं सांगू लागलो. "मास्तर हाय खरं," त्या म्हणाल्या.

अमळनेरला उतरलो. रिक्षात पदर तीनदा सारखा केला. "कुंकू मोठं लावती का?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, टिकली लावते, लहान. त्यांनी मान डोलावली.

दार मंगलनेच उघडलं. मला पाहून ती काहीतरी म्हणणार होती, तेवढ्यात तिला मागे कोण आहे ते दिसलं. तिचा हात कडीवर तसाच राहिला.

आक्का पायरीवर उभ्या राहून तिच्याकडे बघत होत्या. कपाळाकडे, मग गळ्याकडे, मग पुन्हा वर. शेवटी आक्का म्हणाल्या, "केस पिकलं की गं तुझं."

मंगल वाकू लागली, तर त्यांनी तिला अर्ध्यातच धरलं. दोघी तशाच, एक पायरीवर, एक उंबऱ्यात, दुखरा गुडघा आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची कंबर एकमेकींना सावरत उभ्या राहिल्या. शेजारच्या खिडकीतून कुणीतरी डोकावलं.

केतकी सुट्टीला घरी आलेली होती. ती दात घासत बाहेर आली. "आई, ह्या कोण?"

माझी आई केतकी चौथीत असताना गेली. ते मंगलला माहीत होतं, केतकीला माहीत होतं, मला माहीत होतं. मी तोंड उघडलं. मंगलने माझ्याकडे पाहिलं नाही.

"माझ्या सासूबाई," ती म्हणाली.

केतकी माझ्याकडे बघू लागली. आक्का आत आल्या, पंख्याखाली फरशीवर बसल्या, आणि केतकीला हाताने समोर बसवलं. त्यांनी लढाईपासून सुरुवात केली नाही. दगडापासूनही नाही. "माझा इलास," त्या म्हणाल्या, "एका बैठकीला चार भाकऱ्या खायाचा."

"सहा," मंगल म्हणाली. ती अजून दारातच होती. "चार न्हाय आक्का, सहा. मीच थापत होतो की."

"विलास कोण?" केतकीने विचारलं.

आक्का आणि मंगल, दोघी एकदमच बोलू लागल्या. मी चहा ठेवायला आत गेलो.